सुळ्यांवर पोसलेला धर्मप्रांत : ग्रीनलंडमधील गार्दार

दक्षिण ग्रीनलंडमधील इगालिकू या लहानशा वस्तीत, फ्योर्डच्या (डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या) टोकाशी असलेल्या कुरणात, तांबड्या वालुकाश्माच्या भिंतींचे पायथे आजही दिसतात. संत निकोलस या खलाशांच्या पाठिराख्याला वाहिलेले गार्दारचे (इगालिकूचे हे जुने नाव) कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, येथे उभे होते. ज्या धर्मप्रांताचे, म्हणजे एका बिशपच्या अधिकारक्षेत्राचे, सारे अस्तित्व जहाजांच्या येण्याजाण्यावर अवलंबून होते, त्याने हाच संत निवडावा हे साहजिकच म्हणायला हवे.

इ.स. ९८५ च्या सुमारास वसाहतीचा म्होरक्या एरिक द रेड याच्या मागोमाग आइसलंडहून आलेले नॉर्स (मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन) शेतकरी या भागात स्थिरावले आणि पुढच्या पिढीत ख्रिस्ती झाले. मात्र धर्मगुरूंना दीक्षा देणारा बिशप जवळ नव्हता. तो मिळवण्यासाठी ग्रीनलंडमधलाच एनार सोक्कासन नॉर्वेचा राजा सिगुर्द याच्याकडे गेला. राजाला जिवंत अस्वल नजर केल्याची हकिकत सागेत, म्हणजे जुन्या नॉर्स गद्यकथेत, येते, आणि बिशप म्हणून नियुक्त झालेला आर्नाल्द जायला फारसा उत्सुक नव्हता, हेही त्यातच नमूद आहे. बिशपपीठाच्या मालमत्तेचे रक्षण करण्याची शपथ एनारकडून घेतल्यावरच तो तयार झाला. ११२४ साली लुंड (आजच्या स्वीडनमध्ये) येथे त्याचा अभिषेक झाला आणि ११२६ साली तो ग्रीनलंडला पोहोचला. ११५२-५३ नंतर हा धर्मप्रांत निदारोसच्या, म्हणजे आजच्या ट्रोन्हाइमच्या, आर्चबिशपच्या अधिकाराखाली आला.

आर्नाल्दने मालमत्तेचा आग्रह धरला तो उगाच नव्हे. १९२६ साली डॅनिश पुरातत्त्वज्ञ पोल न्योर्लुंद यांनी केलेल्या उत्खननात सुमारे २७ मीटर लांबीचे क्रूसाकृती चर्च, मोठे सभागृह आणि शंभराच्या आसपास गाई बांधता येतील एवढे गोठे उजेडात आले. एका बिशपच्या थडग्यात वॉलरस या लांब सुळ्यांच्या समुद्री प्राण्याच्या सुळ्यातून कोरलेला धर्मदंड आणि अंगठी सापडली. त्याहून विलक्षण म्हणजे चर्चमध्ये आणि परिसरात वॉलरसच्या कवट्या पुरलेल्या आढळल्या. उत्तरेकडील शिकारीवर चाललेल्या या समाजाच्या श्रद्धेत वॉलरसलाही जागा होती, असे मानण्याचा मोह होतो. दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्साही, याच मालात भरला जाई. १२८२ साली पोप मार्टिन चौथे यांनी ग्रीनलंडहून येणारी कातडी आणि सुळे विकून त्यांची चांदी करावी, असे कळवले होते.

पुढे युरोपात आफ्रिकेतील हस्तिदंताची आवक वाढून वॉलरसच्या सुळ्यांची मागणी घटली, हवामान थंडावले आणि १३४९ नंतर प्लेगने नॉर्वेला खिळखिळे केले. जहाजे विरळ झाली. गार्दारमध्ये राहिलेला शेवटचा बिशप आल्फ १३७८ च्या सुमारास वारला. १४०८ साली ग्रीनलंडमधल्याच ह्वाल्से येथील चर्चमध्ये लागलेल्या एका विवाहाचा दाखला पुढच्या वर्षी गार्दारहूनच दिला गेला. तेथून आलेला हा शेवटच्या लेखी पुराव्यांपैकी एक. रोममध्ये मात्र बिशप नेमले जातच राहिले. १४९२ च्या सुमारास पोप अलेक्झांडर सहावे यांच्या पत्रात, सुमारे ८० वर्षे तेथे जहाज गेलेले नाही आणि शेवटच्या धर्मगुरूने मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) अर्पण केलेले वेदीवस्त्र लोक वर्षातून एकदा दर्शनासाठी काढतात, असे लिहिले आहे. ही माहिती त्यांच्यापर्यंत कोणत्या जहाजाने पोहोचली असेल, असा प्रश्न वाचताना पडतोच. त्या वेळी बिशप म्हणून नेमलेला बेनेडिक्टाइन पंथाचा संन्यासी माथियास तेथे पोहोचल्याची नोंद नाही.

१७२१ साली मिशनरी हान्स एगेदे नॉर्स वंशजांच्या शोधात आले, तेव्हा त्यांना भेटले ते इन्युइट, म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी. १७८३ साली नॉर्वेजियन व्यापारी आन्देर्स ओल्सेन आणि त्याची ग्रीनलंडिक पत्नी तुपेर्ना इगालिकूत राहायला आली. पुढे गावातली घरे बांधताना कॅथेड्रलच्या परिसरातले तांबडे दगड वापरले गेले.