लॉनमोअरच्या डेकखाली चालणारी बॅटरी

लॉनमोअरच्या, म्हणजे गवत कापायच्या यंत्राच्या, डेकला आतून चिकटलेलं गवत खरवडू नये, त्या थरामुळे पत्रा सुरक्षित राहतो, असा एक सल्ला हिरवळ राखणाऱ्यांमध्ये ऐकू येतो. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. गवताचा जाड थर बसला की हवा पत्र्यापर्यंत पोचणार नाही, मग गंज चढेल कसा? प्रत्यक्षात डेक पोखरला जातो तो बहुतेक वेळा याच थराखाली. असं का होतं, हे समजून घेतलं तर डेकची निगा कशी राखायची ते वेगळं सांगावं लागत नाही.

डेक म्हणजे मोअरच्या पोटाखाली पालथी घातलेली परात. घरगुती मशीनमध्ये ती बहुधा 2 ते 3 मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची, दाबून आकार दिलेली असते. तिच्याखाली पातं मिनिटाला सुमारे 3000 फेरे घेतं. पातं 53 सेंटिमीटरचं धरलं तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 83 मीटर, म्हणजे ताशी 300 किलोमीटरच्या आसपास येतो. पात्याची मागची कड वर वळवलेली असते. ती पंख्यासारखी हवा वर ओढते, गवत उभं करते आणि कापलेले तुकडे डेकच्या छतावरून बाहेरच्या तोंडाकडे भिरकावते. त्यांच्यासोबत वाळूचे कणही उडतात आणि रंग घासून काढतात. पात्याच्या टोकांसमोरचा पट्टा आणि गवत बाहेर पडतं त्या तोंडाची कड यांचा रंग सर्वांत आधी जातो.

उरलेलं काम चोथा करतो. ताज्या गवतात वजनाच्या 70 ते 80 टक्के पाणी असतं आणि त्या रसात साखरा, पेक्टिन असे चिकट पदार्थ असतात. पहिला पातळ लेप वाळून खळीसारखा घट्ट धरतो आणि त्या खरखरीत पृष्ठभागावर पुढचा थर आणखी सहज बसतो. थर बोटभर झाला की हवेला फिरायला जागा उरत नाही, गवत उभं राहत नाही, कापणी वरखाली होते आणि तुकड्यांऐवजी गोळे बाहेर पडतात. इंजिनावर ताण येतो तो वेगळाच.

आता गंजाकडे वळू. गंजणं ही एकाच जागी घडणारी क्रिया नाही. एका जागी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन धातूत सोडून फेरस आयन म्हणून पाण्यात उतरतात, हे धनाग्र. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे ऑक्सिजनचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेऊन पाण्यासह चार हायड्रॉक्साइड आयन तयार करतो, हे ऋणाग्र. पाण्यातले आयन मंडल पूर्ण करतात. ही अक्षरशः बॅटरी आहे, फक्त तिची दोन्ही टोकं एकाच पत्र्यावर आहेत. ऑक्सिजन लागतो तो ऋणाग्रापाशी. धातू झिजतो तो धनाग्रापाशी. या दोन जागा एकच असल्या पाहिजेत असं कुणीही सांगितलेलं नाही.

केंब्रिजच्या यूलिक रिचर्डसन इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात हे एका थेंबात दाखवलं. लोखंडाचा पत्रा पॉलिश पेपरने लख्ख करायचा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड अगदी थोडं मिसळलेलं असतं. पहिलं अल्कलीत गुलाबी होतं, दुसरं फेरस आयन भेटले की निळं. सुरुवातीला थेंबाखाली गुलाबी आणि निळे ठिपके विखुरलेले दिसतात. थोड्या वेळाने चित्र पालटतं: कडेला गुलाबी कडं, मधोमध निळा डाग. थेंबाच्या कडेला पाणी उथळ असतं, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन धातूपर्यंत सतत पोचतो. मध्यभागी पाणी खोल असतं आणि तिथला विरघळलेला ऑक्सिजन एकदा संपला की लवकर भरून निघत नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. म्हणून कड ऋणाग्र बनते आणि ऑक्सिजनला वंचित झालेला मध्य धनाग्र. मधून निघालेले फेरस आयन आणि कडेचे हायड्रॉक्साइड आयन वाटेत भेटतात, तिथे साका बसतो आणि हवा लागून त्याचा तांबूस गंज होतो. थेंब पुसला की खड्डा मध्यावर सापडतो, गंजाचं वर्तुळ त्याच्या बाहेर, आणि अगदी कडेचा धातू मात्र स्वच्छ. गंज जिथे दिसतो, तिथे धातू गेलेला नसतो!

इथे थोडं खोलात जावं लागेल. ऑक्सिजनचं प्रमाण दहा पटींनी घटलं, तर ऋणाग्राचं विभव, म्हणजे विद्युत दाब, खोलीच्या तापमानाला जेमतेम 15 मिलिव्होल्टने उतरतं. शंभर पटींनी घटलं तरी 30. एवढ्याशा फरकावर बॅटरी चालत राहते, कारण ती स्वतःची परिस्थिती स्वतःच बळकट करत जाते. कडेला हायड्रॉक्साइड साठून पाणी अल्कधर्मी होतं आणि अल्कलीत लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. त्यामुळे तिथला धातू झिजत नाही, नुसते इलेक्ट्रॉन पुरवतो. मध्यावर उलट घडतं. तिथे धन आयन वाढतात, विद्युत समतोलासाठी क्लोराइड आयन तिकडे ओढले जातात, फेरस आयन पाण्याशी अभिक्रिया करून पाणी आम्लधर्मी करतात, आणि आम्ल व क्लोराइड यांच्या जोडीपुढे तो पापुद्रा तग धरत नाही. मध्य जितका झिजतो तितका तो आणखी झिजण्यालायक होतो.

आता थेंबाच्या जागी गवताचा गोळा ठेवा. त्याच्या कडा हवेला उघड्या, पोट ओलं आणि बंदिस्त. शिवाय गोळा कुजत असतो. त्यातले जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि सेंद्रिय आम्लं सोडतात. गवताच्या रसात पोटॅशियम आणि क्लोराइड मुळातच असतात, खत टाकलेल्या हिरवळीवर त्यात अमोनियम सल्फेट किंवा म्युरिएट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) या खतांची भर पडते. हे क्षार हवेतली आर्द्रता शोषून थर ओलसर ठेवतात, म्हणून वरून वाळल्यासारखा दिसणारा गोळा आत महिनाभरही काम करत राहू शकतो. पत्र्यावर रंग असला तरी धोका टळत नाही. रंगाला ओरखडा पडलेल्या जागी ही बॅटरी सुरू झाली की ऋणाग्राकडची अल्कली रंगाची धातूवरची पकड सोडवते, रंग फुगतो आणि फुग्याखाली पाणी शिरतं. शिवाय गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कमीत कमी दुप्पट असतं. तो रंगाला आतून ढकलत नेतो.

तेव्हा सर्वांत मोठा उपाय म्हणजे गवत काढणं, आणि तेही त्याच दिवशी, ओलं असतानाच. वाळल्यावर त्याला पाचपट कष्ट पडतात आणि तेवढे ओरखडेही. इंजिन थंड होऊ द्या, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधा; बॅटरीवरचं मशीन असेल तर बॅटरी आणि किल्ली दोन्ही काढा. मशीन कलंडवताना कार्बोरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर राहिली पाहिजे, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी धूर निघतो. हातमोजे घालून प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने गवत खरवडा. धारदार लोखंडी खरवडणी नको: ती गवताबरोबर रंगही काढते आणि नवी बॅटरी कुठे सुरू होणार ते आखून देते.

काही डेकवर पाण्याची नळी जोडायला तोंड असतं. त्याने ताजं गवत निघतं, वाळलेलं नाही. पाणी बंद केल्यावर पातं आणखी दोन मिनिटं फिरवून डेक सुकवलं नाही, तर धुण्याने फायद्यापेक्षा तोटाच जास्त. प्रेशर वॉशरचा झोत स्पिंडलच्या, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर कधीही मारू नका. सीलमधून पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं आणि काही आठवड्यांत बेअरिंग आवाज करू लागतं.

गंज आधीच धरला असेल तर पातं उतरवा, सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने झाडा, मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खड्ड्यांच्या तळापर्यंत घासा आणि उरलेल्या रंगाची कड 180 नंबरने उतरती करा. यानंतर लोक एक पायरी गाळतात: स्वच्छ पाण्याने धुणं. खड्ड्यात अडकलेले क्लोराइड पाण्यानेच निघतात, घासून निघत नाहीत, आणि ते राहिले तर रंगाखाली पुन्हा तीच बॅटरी सुरू होते. धुतल्यावर लगेच गरम हवेने सुकवा आणि थिनरने तेलकटपणा काढा. फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर वापरायचा तर घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावरच. सुट्या गंजावर तो निरुपयोगी आहे, आणि जास्तीचं आम्ल पुसलं नाही तर तेच रंगाला फोड आणतं. मग झिंक फॉस्फेट असलेल्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि त्यावर टॉपकोट, सगळं मिळून 150 ते 200 मायक्रॉन. इपॉक्सी हाताला दुसऱ्याच दिवशी कोरडं लागतं, पण पूर्ण पक्कं व्हायला साधारण आठवडा जातो. तोवर गवत कापू नका.

गवत चिकटू नये म्हणून ग्रॅफाइटचा गुळगुळीत लेप मिळतो आणि तो उपयोगी आहे. पण ग्रॅफाइट विजेचं वाहक आहे आणि लोखंडाच्या तुलनेत उत्तम ऋणाग्र. उघड्या पत्र्यावर तो थेट फासला तर लोखंडाची झीज वाढते. खाली प्रायमरचा सलग, विद्युतरोधक थर असेल तरच तो लावा. सिलिकॉन स्प्रे एक-दोन कापण्यांपुरता टिकतो. खाद्यतेल हवेत हळूहळू चिकट होऊन गवत धरून ठेवतं. जुनं इंजिन ऑइल तर लावूच नका, ते हिरवळीवर आणि मातीत झिरपतं.

पत्र्याला तार जोडून गंज थांबवणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं, किंवा डेकला बोल्टने बसवायचा जस्ताचा तुकडा, यांवर पैसे घालवू नयेत. जस्त लोखंडाला वाचवतं हे खरं, पण दोघांना जोडणारा पाण्याचा सलग थर असेल तरच. बोटीच्या तळाला तो समुद्र पुरवतो. हवेत टांगलेल्या डेकवर जस्ताचा तुकडा फार तर स्वतःभोवतीच्या काही मिलिमीटर पत्र्याची राखण करील. नॅनो, सिरॅमिक अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या लेपांनाही एकच प्रश्न विचारावा: ताशी 300 किलोमीटरने येणाऱ्या वाळूपुढे तुमची जाडी किती मायक्रॉन?

ॲल्युमिनियमच्या डेकला तांबूस गंज येत नाही, पण गवताखालचा ओलावा तिथेही खड्डे पाडतो, विशेषतः पोलादी बोल्टांभोवती. प्लास्टिकच्या डेकला ही चिंता नाही, गवत मात्र तिथेही चिकटतंच.

हंगाम संपल्यावर डेक खरवडून, धुऊन, पूर्ण सुकवून लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणचट स्निग्धाचा) किंवा मेणाचा पातळ हात द्या आणि मशीन हवेशीर जागी ठेवा. प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळू नका: रात्रीच्या गारठ्यात आतल्या बाजूला दव धरतं आणि ते पत्र्यावर थेंबाथेंबाने बसतं.