पार्श्वभूमी: 'मिळवलेले' की 'मिळू शकणारे'? औषधाच्या कृतीवरील पेटंटाचा गुंता

शरीरातली लोहाची कमतरता भरून काढण्यासाठी फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे औषध शिरेतून देतात. त्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात झालेला वाद वरवर पाहता एक युरोपीय कंपनी आणि काही भारतीय उत्पादक यांच्यातला होता. त्यातला प्रश्न मात्र फार जुना आहे. औषध बनवण्याची कृती कुठे संपते आणि खुद्द औषध कुठे सुरू होते?

जर्मनीच्या १८७७ च्या कायद्यात रासायनिक पदार्थावर पेटंट नव्हते, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेवर होते. १८८८ मध्ये मेथिलीन ब्लू या रंगद्रव्याच्या खटल्यात तिथल्या न्यायालयाने प्रक्रियेच्या पेटंटाची छाया तिच्यातून निघालेल्या पदार्थावरही पडते असे ठरवले आणि १८९१ मध्ये ते कायद्यात आले. 'थेट मिळालेले उत्पादन' हा शब्दप्रयोग तिथून जगभर गेला.

आपल्याकडे १९११ च्या कायद्याखाली पेटंट १६ वर्षे चाले आणि दाव्यांची, म्हणजे पेटंटात हक्काची हद्द आखणाऱ्या वाक्यांची, भाषा ऐसपैस असे. मुंबईतला टॉल्ब्युटामाइडचा खटला आज फारसा कोणाला आठवत नाही, पण तो आठवायला हवा. मधुमेहावरच्या या गोळीचे पेटंट एका जर्मन कंपनीकडे होते. इथल्या एका उत्पादकाने मुंबईतल्याच एका संशोधन संस्थेने शोधलेल्या कृतीने ते औषध बनवले. १९६० च्या दशकाच्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने ती कृतीही मूळ पेटंटाच्या दाव्यांतच येते असे ठरवले आणि निकाल जर्मन कंपनीच्या बाजूने लागला. कृती स्वतः शोधून काढली एवढ्यावर भागत नव्हते, कारण दाव्याचे कुंपणच इतके लांब घातलेले होते.

१९७० चा कायदा २० एप्रिल १९७२ ला लागू झाला. त्याचा पाया १९५९ च्या एका अहवालाने घातला होता: बहुतेक पेटंटे परदेशी हातांत, आणि त्यांपैकी बहुतेकांचे उत्पादन भारतात होतच नव्हते. नव्या कायद्याच्या कलम ५ ने औषधावरचे पेटंट बंद केले आणि फक्त कृतीवरचे ठेवले. मुदत पेटंटाच्या तारखेपासून सात वर्षे किंवा मोहोर लागल्यापासून, म्हणजे पेटंट अधिकृतपणे दिले गेल्यापासून, पाच, यांतली जी कमी ती. शिवाय मोहोर लागून तीन वर्षे झाली की मागेल त्याला परवाना मिळे आणि रॉयल्टी चार टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नसे. औषध तेच, पण वाट आपली, हे आता कायदेशीर झाले. त्यानंतरच्या तीस वर्षांत इथल्या रसायनतज्ज्ञांनी जे कौशल्य कमावले, त्याला नुसती नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. वेगळा रिएजंट (अभिक्रिया घडवणारे रसायन) निवडायचा, एखादी पायरी गाळायची, उतारा (हाती येणाऱ्या मालाचे प्रमाण) वाढवायचा आणि तरीही अशुद्धी मर्यादेत ठेवायच्या, हे काम सोपे नसते. २००१ मध्ये मुंबईच्या एका कंपनीने एड्सवरची तीन औषधे मिळून रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, ती याच शिदोरीवर.

जागतिक व्यापार करारानंतर चित्र पालटले. २००२ च्या दुरुस्तीने मुदत २० वर्षांची झाली. त्याच दुरुस्तीत कलम १०४अ आले, त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पेटंटधारकाने पदार्थ तंतोतंत तोच असल्याचे आधी दाखवले, तर नवीन पदार्थाच्या बाबतीत 'माझी कृती वेगळी आहे' हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रतिवादीवर टाकण्याची मुभा न्यायालयाला मिळाली. १ जानेवारी २००५ पासून औषधावरचे पेटंटही परत आले.

फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचा अर्ज २००३ चा, म्हणजे या दोन्ही काळांच्या उंबरठ्यावरचा. लोह आणि कर्बोदक यांचे हे संयुग असे आहे की त्याची रचना एका सूत्रात मांडता येत नाही. म्हणून दाव्यात त्याचे वर्णन कृतीने केले होते: माल्टोडेक्स्ट्रिन या स्टार्चपासून बनणाऱ्या कर्बोदकाचे अल्कधर्मी द्रावणात हायपोक्लोराइटने ऑक्सिडीकरण करून, मग लोहक्षाराशी जोडून 'मिळू शकणारे' संयुग. भारतीय उत्पादक म्हणाले, आमची कृती वेगळी आहे. जुलै २०२३ मध्ये एकसदस्यीय पीठाने त्यांचे म्हणणे मान्य केले. दाव्यात कृती लिहिली आहे, तर हक्कही त्या कृतीपुरताच. ७ फेब्रुवारी २०२४ ला खंडपीठाने हा निकाल फिरवला. पदार्थ स्वतःच नवीन असेल, तर दाव्यातली कृती ही त्याची ओळख पटवण्यापुरती आहे आणि तिने हक्काला मर्यादा पडत नाही, असे खंडपीठ म्हणाले.

'मिळवलेले' म्हटले की एक वाट डोळ्यांसमोर येते. 'मिळू शकणारे' म्हटले की ती वाट फक्त एक उदाहरण ठरते आणि पदार्थ कुठूनही आला तरी दाव्यात अडकतो. खंडपीठाचा तर्क चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण ज्या पदार्थाला सूत्रच नाही त्याचे वर्णन आणखी कसे करायचे? पण कृती वेगळी करून सुटण्याची जी जागा १९७० ने इथल्या रसायनतज्ज्ञाला दिली होती, ती अशा दाव्यांपुरती उरत नाही, आणि मला हे नुकसान मोठे वाटते. या पेटंटाची मुदत मात्र ऑक्टोबर २०२३ मध्येच संपली होती. त्यामुळे खंडपीठाचा निकाल आला तेव्हा या औषधापुरती वाट मोकळी झालेली होती. अर्थ लावण्याची ती पद्धत पुढच्या खटल्यांसाठी मागे राहिली आहे.