स्पर्धेपासून नफ्याचे संरक्षण

एखाद्या धंद्यात चांगली कमाई आहे असे दिसताच त्यात नवे लोक उतरतात, बाजारात माल वाढतो, भाव पडतात आणि शेवटी भांडवलावर जेमतेम परतावा उरतो, ही अर्थशास्त्रातील जुनी मांडणी आहे. ही घसरण टाळण्यासाठी किंवा निदान लांबवण्यासाठी व्यावसायिक जे उपाय योजतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. काही उपाय म्हणजे कायद्याने दिलेले हक्क असतात, काही उत्पादनखर्चातून आणि ग्राहकांच्या सवयींतून आपोआप तयार होतात, तर काहींना कायद्याने मनाई आहे. सोलापूरच्या वस्त्रोद्योगात या उपायांचे बळ आणि त्यांच्या मर्यादा ठळकपणे दिसतात, म्हणून उदाहरणे मुख्यतः तेथील घेतली आहेत.

मोठे भांडवल हे सर्वांत जुने संरक्षण होय. 1877 मध्ये सोलापुरात सुरू झालेली आणि पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी उभारण्यासाठी लागणारा पैसा फार थोड्यांकडे होता, त्यामुळे प्रतिस्पर्धीही थोडेच होते. यंत्रमागाने हे चित्र बदलले. पत्र्याच्या शेडमध्ये चार माग बसवून आणि सूत उधारीवर उचलून धंदा सुरू करता येऊ लागला, तेव्हा भांडवलाची अडचण नवख्याला रोखण्याइतकी मोठी राहिली नाही. गिरण्या पुढे बंद पडल्या त्यामागे इतरही कारणे होती. परंतु यंत्रमागधारकाला आपला नफा टिकवणे कठीण का जाते, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे सापडते.

दुसरे संरक्षण कौशल्याचे असते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे शहराच्या पूर्व भागात जेकार्ड विणकामाचे, म्हणजे छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या साहाय्याने मागावर नक्षी विणण्याचे, ज्ञान एकवटले, आणि दोन्ही बाजूंनी नक्षी उमटणारी जाड सुती चादर ही सोलापूरची ओळख बनली. मात्र हे ज्ञान कोणा एकाच्या मालकीचे नाही. कारागीर, मागदुरुस्ती करणारे आणि जेकार्डचे पत्ते तयार करणारे एकाच परिसरात राहत असल्यामुळे सोलापूरला इतर गावांवर आघाडी मिळते. पण एका यंत्रमागधारकाला शेजारच्यावर ती मिळत नाही. कारागिराला करारात बांधून ठेवण्यालाही मर्यादा आहे, कारण भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार नोकरी सोडल्यानंतर तोच व्यवसाय करण्यास मनाई करणारी अट सामान्यतः शून्य, म्हणजे कायद्याने अमलात न आणता येणारी, ठरते.

भौगोलिक उपदर्शनाचे (जीआय), म्हणजे मालाला त्याच्या मूळ प्रदेशाचे नाव वापरण्याच्या हक्काचे, स्वरूपही असेच सामूहिक आहे. 1999 चा त्याविषयीचा कायदा 15 सप्टेंबर 2003 रोजी अमलात आला आणि देशातील सुरुवातीच्या नोंदण्यांमध्येच सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांचा समावेश झाला. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. ती उत्पादकांच्या संघटनेच्या नावावर होते आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेल्या उत्पादकाला ते नाव वापरता येते. हा हक्क विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. सोलापूरबाहेर विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून खपवणाऱ्याविरुद्ध या हक्काचा उपयोग होतो, आणि तो मोलाचा आहे. परंतु सोलापुरातीलच दोन अधिकृत उत्पादकांमधील भावाची चढाओढ त्याने थांबत नाही. एका उत्पादकाची ओळख त्याच्या व्यापारचिन्हानेच जपली जाते. त्याचीही दहा-दहा वर्षांनी मुदत वाढवून घेता येते.

नक्षीच्या संरक्षणाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, ही खेदाची बाब आहे. बाजारात आलेली एक चादर विकत घेऊन तिच्यावरून पत्ते पुन्हा तयार करणे जाणकाराला अवघड नसते. डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदणी केल्यास दहा वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे हक्क मिळतो; पण नक्षी आधीच प्रसिद्ध झालेली नसावी, अशी अट आहे. म्हणून अर्ज माल विक्रीला काढण्यापूर्वीच करावा लागतो. नोंदणीयोग्य असूनही न नोंदलेल्या नक्षीवरील कॉपीराइट, त्या नक्षीच्या वस्तू पन्नासहून अधिक वेळा औद्योगिक पद्धतीने तयार होताच संपुष्टात येतो. मागावरच्या उत्पादनाच्या दृष्टीने हा आकडा अगदीच लहान आहे. नव्या शोधासाठी असलेले पेटंट अर्जाच्या दिनांकापासून वीस वर्षे टिकते. परंपरागत विणकामात त्याला वाव कमी आहे.

उत्पादकांनी आपसांत भाव ठरवणे किंवा बाजार वाटून घेणे स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3 खाली निषिद्ध आहे. बाजारावर वर्चस्व असलेल्या कंपनीने प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी खर्चापेक्षा कमी भावात माल विकल्यास कलम 4 लागू होते. केवळ मोठे असणे हा मात्र गुन्हा नाही.

वरील कोणताही हक्क पर्यायी वस्तूला अडवू शकत नाही. पानिपतची ब्लँकेटे आणि कृत्रिम धाग्यांची मऊ, हलकी पांघरुणे सोलापूरचे नाव न वापरताच चादरीचा ग्राहक घेऊन गेली. सोलापुरातील अनेक उत्पादक टेरी टॉवेलकडे वळले आणि शहरात शालेय गणवेशांच्या शिलाईचा उद्योगही वाढला. टॉवेलच्या घाऊक व्यवहारात वेगळ्या प्रकारचे संरक्षण मिळू शकते: हॉटेल किंवा परदेशी खरेदीदार एकदा नमुना, वजन, रंगछटा आणि धुलाईनंतरचा टिकाऊपणा तपासून पुरवठादार ठरवतो, आणि तो बदलायचा म्हटले की ही सारी तपासणी नव्याने करावी लागते. त्यामुळे भावातील थोड्या पैशांच्या फरकासाठी तो सहसा दुसरीकडे जात नाही, मात्र माल वेळेवर आणि ठरलेल्या दर्जाचा मिळत राहिला पाहिजे.