एक टन ओला कचरा, किती किलो मिथेन?

देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर मुंबईचा कचरा १९२७ पासून पडतोय. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हाचा धूर सॅटेलाइटच्या फोटोतही दिसला होता. पण कचरा कुजताना निघणारा मिथेन हा गॅस ना डोळ्याला दिसतो ना त्याला वास असतो (नाकाला झोंबतो तो दुसऱ्याच गॅसेसचा वास), मग तो किती निघतो हे कळणार कसं?

बहुतेक ठिकाणी सरळ हिशोब मांडतात, आयपीसीसीचं (हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचं) सूत्र आहे त्यासाठी. एक टन ओला कचरा घ्या, म्हणजे उरलेला भात, भाज्यांची देठं, आंब्याच्या साली वगैरे. त्यात कार्बन साधारण १५० किलो, त्यातला निम्माच खरोखर कुजतो, उंच ढिगात वरवरच्या थराला हवा लागते आणि हवेत कुजलं की मिथेन बनत नाही, म्हणून ८० टक्केच धरायचा, आणि जो गॅस बनतो त्यात मिथेन निम्मा. असं करत करत ३० किलो कार्बन उरतो, आणि मिथेनमधल्या हायड्रोजनचं वजन त्यात धरलं की शेवटी ४० किलो मिथेन हातात येतो, म्हणजे घरच्या जवळजवळ तीन सिलेंडरमधल्या गॅसच्या वजनाइतका! आणि शंभर वर्षांचा हिशोब धरला तर किलोला किलो तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो.

पण खरी मेख वेगात आहे. थंड कोरड्या प्रदेशात अन्नाचा कचरा निम्मा कुजायला या सूत्राप्रमाणे साधारण साडेअकरा वर्षं लागतात, आपल्या मुंबईसारख्या उष्ण आणि धो धो पावसाच्या ठिकाणी जेमतेम पावणेदोन. म्हणजे ढीग बंद झाल्यावर गॅस गोळा करायचे पाइप टाकू म्हणाल तर तोवर बराचसा गॅस उडून गेलेला असतो, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

मोजायचं तर ढिगावर डबा पालथा घालतात, कडा मातीत नीट दाबतात आणि दर काही मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढून लॅबमध्ये तपासतात. पण डबा भेगेवर पडला तर आकडा भरमसाट, हातभर बाजूला सरकवला तर जवळजवळ शून्य, त्यामुळे दोनचार डब्यांवरून अख्ख्या ढिगाचा अंदाज बांधणं मला तरी पटत नाही.

म्हणून सॅटेलाइट लागतात. २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात मुंबईतल्या एका लँडफिलमधून तासाला जवळपास १० टन मिथेन निघताना दिसला, आणि दिल्ली, मुंबई, लाहोर, ब्युनोस आयर्स या शहरांचा एकूण मिथेन कागदावरच्या अंदाजांच्या १.४ ते २.६ पट निघाला. फक्त हे सॅटेलाइट जमिनीवरून परत येणारा सूर्यप्रकाश वाचतात, ढगांतून त्यांना काही दिसत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर, जेव्हा आपला कचरा सगळ्यात ओला असतो, तेव्हाच मुंबईवरची त्यांची नजर बंद असते.