पोटाला मुका मार आणि रक्त पातळ करणारी गोळी : उपचारांची पार्श्वभूमी

मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिक-पुणे रस्त्यावर किंवा पेठ-सुरगाण्याकडच्या घाटांत अपघात झालेले जखमी नाशिकच्या रुग्णालयांत आणले जातात, तेव्हा त्यांतल्या काहींच्या अंगावर नाव घेण्यासारखी जखम दिसत नाही. दुचाकीच्या हँडलचा दणका पोटाला बसलेला असतो किंवा ट्रॅक्टर उलटून बरगड्यांखाली दाब आलेला असतो. वरची कातडी शाबूत राहते आणि आत प्लीहा (पोटात डावीकडे बरगड्यांखाली असलेला ‘स्प्लीन’ हा अवयव) किंवा यकृत फाटलेले असते. असा रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर त्याच्यावरील उपचारांचा निर्णय विशेष अवघड होतो. त्याचे कारण वैद्यकाच्या दोन स्वतंत्र वाटांमध्ये आहे. शल्यचिकित्सक पोट न उघडण्याकडे वळत गेले, त्याच काळात रक्त गोठू न देणाऱ्या औषधांवर जगणाऱ्या माणसांची संख्या वाढत गेली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फाटलेल्या प्लीहेवर एकच उपाय मानला जाई, तो म्हणजे ती काढून टाकणे. प्लीहेवाचून माणसाचे काही अडत नाही, अशी समजूत होती. १९५२ मध्ये किंग आणि शुमाकर यांनी प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांना जीवघेणा जंतुसंसर्ग होत असल्याचे दाखवून दिले आणि या समजुतीला पहिला तडा गेला. पुढे १९६८ मध्ये उपाध्याय आणि सिम्पसन यांनी टोरांटोच्या बालरुग्णालयातील अनुभव मांडला : प्लीहा फाटलेली काही मुले शस्त्रक्रियेवाचून, नुसत्या काटेकोर देखरेखीखाली बरी होतात. यांतील उपाध्याय हे दिल्लीच्या एम्समधील बालशल्यविशारद होते आणि आज जगभर रूढ झालेल्या या विचाराच्या मुळाशी एका भारतीय डॉक्टरांचे काम आहे, ही गोष्ट आपल्याकडे अधिक सांगितली जायला हवी. प्रौढांच्या बाबतीत मात्र हा विचार सावकाश रुजला. पंचावन्न वर्षांवरील रुग्णाला शस्त्रक्रियेवाचून ठेवू नये, असे दीर्घकाळ मानले जात होते.

हा बदल सर्वदूर पोहोचवला सीटी स्कॅनने. १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला आणि पुढच्या दोन दशकांत पोट न उघडता अवयव कोठे, किती खोल फाटला आहे हे दिसू लागले. १९८९ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या संघटनेने प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंडाच्या दुखापतींची प्रतवारी प्रसिद्ध केली. मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून (धमनीतून) बारीक नळी नेऊन रक्तस्राव होणारी वाहिनी आतूनच बुजवण्याचे तंत्रही पुढे जोडीला आले. ज्याचा रक्तदाब स्थिर आहे त्याला अतिदक्षता विभागात ठेवून वारंवार पोट तपासणे आणि हिमोग्लोबिनवर नजर ठेवणे ही आता प्रस्थापित पद्धत आहे. ही सगळी पद्धत फाटलेल्या जागी शरीर स्वतः गुठळी धरील या एकाच भरवशावर उभी आहे.

नेमका हाच भरवसा गोळी काढून घेते. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यामागचे रसायन शोधले आणि त्याच घराण्यातले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. १९५४ मध्ये ते रक्त पातळ करणारे औषध म्हणून माणसांसाठी मान्य झाले. आपल्याकडे त्याचेच भावंड असलेले असेनोकुमरॉल अधिक चालते. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेले रुग्ण भारतात मोठ्या संख्येने आहेत. १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची स्वदेशी झडप प्रथम बसवली गेली, तेव्हापासून कृत्रिम झडप अनेकांच्या आवाक्यात आली आणि तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून ही गोळी घ्यावी लागते. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात अशी गोळी घेणारा माणूस वृद्धच असेल असे धरून चालणार नाही. द्राक्षबागेत कामाला जाणारी तिशीतली बाईही असू शकते. अँजिओप्लास्टीनंतरच्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलने आणि २००८ पासून आलेल्या डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान या नव्या गोळ्यांनी हे वर्तुळ आणखी रुंदावले.

उतारा औषधागणिक वेगळा असल्यामुळे कोणती गोळी चालू आहे, हा प्रश्न पहिल्या काही मिनिटांत सुटावा लागतो. वॉरफरिन गटावर व्हिटॅमिन के देतात, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला कित्येक तास लागतात. तोवर प्लाझ्मा किंवा, उपलब्ध असल्यास, गोठणघटकांचे तयार मिश्रण द्यावे लागते. डॅबिगॅट्रानवर २०१५ पासून स्वतंत्र प्रतिद्रव्य आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांवर असा उतारा नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी आयएनआर ही तपासणी वॉरफरिन गटासाठी घडवलेली असल्याने नव्या गोळ्यांच्या बाबतीत ती जवळपास नॉर्मल येऊन दिशाभूल करू शकते.

तातडीच्या कक्षात प्रत्यक्षात काय होते? ‘बाबांना कसली गोळी चालू आहे?’ या प्रश्नाला ‘हार्टची बारीक गोळी, रोज संध्याकाळी’ असे उत्तर मिळते. प्लास्टिकच्या पिशवीतून पाकिटाचा तुकडा निघतो, पण त्यात दोनच गोळ्या उरलेल्या असतात आणि नाव छापलेला भाग कधीच कापला गेलेला असतो. सावळघाट चढून आलेल्या रुग्णाचा एक-दीड तास वाटेतच गेलेला असतो. क्रॅश-२ या अभ्यासाच्या २०११ मधील विश्लेषणाने ट्रानेक्झामिक आम्ल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाचा लाभ दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन तासांतच होतो हे दाखवले. ते लक्षात घेतले तर ही वेळ फार मोलाची आहे.

गोळी चालू आहे एवढ्यावरून पोट उघडू नये, हे आता बहुतेक शल्यचिकित्सक मान्य करतात. मात्र अशा रुग्णाला अधिक काळ देखरेखीखाली ठेवावे लागते आणि रक्तवाहिनी बुजवण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. रक्तस्राव थांबल्यानंतर गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची, याचे मात्र सर्वांना लागू पडेल असे उत्तर अजून नाही. धातूची झडप असलेल्या रुग्णात फार थांबले तर झडपेवर गुठळी धरते आणि घाई केली तर प्लीहा पुन्हा वाहू लागते. म्हणून शल्यचिकित्सक आणि हृदयरोगतज्ज्ञ एकत्र बसून बहुधा आधी हेपॅरिनची (शिरेतून दिल्या जाणाऱ्या, रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) संथ धार सुरू करतात, कारण ती बंद केल्यावर काही तासांत परिणाम ओसरतो आणि गरज पडल्यास प्रोटामीनने तो तत्काळ उतरवता येतो.