शेवटून पहिल्याचं शरीरशास्त्र

रविवारी पहाटे बेळगावजवळच्या हिंडलग्याहून वेंगुर्ला रोडला लागणारा सायकलवाल्यांचा एखादा घोळका बघा. सुळग्यापर्यंत सगळे एकत्र असतात, मग रांग लांबत जाते. बाची मागे पडून शिनोळीला पाट्या कानडीच्या मराठी होतात, तिथे पुढची मंडळी चहाच्या टपरीवर कधीच टेकलेली असतात. बऱ्याच वेळाने शेवटचा येतो. हेल्मेट काढतो, बाटली तोंडाला लावतो आणि तेवढ्यात कुणीतरी उठतं, "काय ओ, आलात? चला की मग, ऊन चढायच्या आत परत जाऊया." म्हणजे सगळ्यात जास्त दमलेल्याला सगळ्यात कमी विसावा. यात कुणाच्या मनात वाईट नसतं. पण दोन-तीन महिन्यांत तो गडी यायचा बंद होतो आणि ग्रुपमध्ये निकाल लागतो, "जिद्द नाही हो त्याच्यात."

ट्रायथलॉनच्या नादी लागलेल्या नवशिक्याची तर आणखी पंचाईत. मागे पडायला त्याला पाणी, सायकल आणि पळणं अशा तीन जागा आहेत. नोकरी-संसार सांभाळून चाळिशीच्या आसपास या खेळात उतरणारे आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडेही दिसतात. कोल्हापूरच्या आणि गोव्याच्या स्पर्धा जवळच्या, त्यामुळे एकाचं बघून दुसरा नाव नोंदवतो. त्यातले जे संथ असतात, त्यांना सल्ला मिळतो तो मन घट्ट करण्याचा. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. उत्साह आटतो तो बहुतेक वेळा शेवटी. त्याआधी माणूस दुसऱ्याच्या वेगाने दमवला जातो आणि दुसऱ्याच्या फूटपट्टीने मोजला जातो.

वेगाचं आधी बघू. व्यायामाचा जोर हळूहळू वाढवत नेला की एका टप्प्यावर श्वासाची लय बदलते. साखरेपासून ऊर्जा काढताना स्नायूंत लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होतो आणि शरीर तो वापरतही असतं. जोर वाढला की तयार होणं वापराच्या पुढे जातं, रक्तातलं प्रमाण चढतं आणि धाप लागते. हा उंबरठा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पूर्ण वाक्य सलग बोलता येतंय तोवर तुम्ही अलीकडे आहात. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागला की पलीकडे गेलात. अमेरिकेत व्यायामाच्या मानसशास्त्रावर काम करणारे पॅन्टेलेमॉन एकेकाकिस यांनी याच उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना माणसाला कसं वाटतं ते तपासलं. अलीकडे बहुतेकांना बरं वाटतं. उंबरठ्याच्या आसपास माणसामाणसात फरक पडतो, कुणाला मजा येते, कुणाला नको होतं. पलीकडे मात्र जवळजवळ सगळ्यांनाच वाईट वाटू लागतं. तिथे मनाची समजूत फारशी चालत नाही, कारण तक्रार थेट शरीराकडून येत असते. शिवाय व्यायाम चालू असताना कसं वाटलं, यावरून तो माणूस सहा महिन्यांनी, वर्षाने किती हालचाल करत असेल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो, असंही अभ्यासांत दिसलं आहे.

आता ताशी २६ किलोमीटरने जाणाऱ्या त्या घोळक्यात हे ठेवून बघा. पुढच्याला तो वेग गप्पा मारायचा, मागच्याला तोच वेग उंबरठ्याच्या पलीकडचा. दोघं एकाच रस्त्यावर असले तरी दोघांचे व्यायाम वेगळे आहेत. त्यात भर हवेची. पुढच्याच्या चाकामागे चिकटून चालवलं की ताकद पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त वाचते. एकदा चाक सुटलं की ही सवलत जाते. म्हणजे ज्याला आडोशाची सगळ्यात जास्त गरज, तोच उघड्या वाऱ्यात एकटा पडतो. यावर उपाय सोपा आहे, तो फार कमी ग्रुप करतात याचंच नवल वाटतं. संथ माणसांनी अर्धा तास आधी निघायचं. वाटेत कुठेतरी पुढचे गाठतात, थोडा वेळ सगळे एकत्र जातात, चहा सगळ्यांचा एकाच वेळी होतो.

"पण मी इतके दिवस करतोय, फरकच पडत नाही," ही पुढची तक्रार. ती नेहमी खोटी नसते. क्लॉड बुशार आणि सहकाऱ्यांच्या 'हेरिटेज' या मोठ्या अभ्यासात, ज्याचे गाजलेले निष्कर्ष १९९९ मध्ये आले, व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ माणसांना २० आठवडे एकसारखं प्रशिक्षण दिलं. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे आधी आणि नंतर मोजलं. सरासरी वाढ सुमारे ४०० मिलिलिटरची. पण सरासरीच्या आड बरंच काही दडलं होतं. काहींची वाढ जवळपास शून्य, काहींची एक लिटरच्याही वर. हा फरक घराण्याप्रमाणे चालत होता. त्यातला साधारण निम्मा भाग अनुवंशिकतेच्या वाट्याला जातो, असा हिशेब निघाला. मेहनत तेवढीच करून शेजारचा पुढे निघून जातो, तेव्हा तो आळस झटकून गेला आणि तुम्ही बसून राहिलात असं समजायचं कारण नाही.

यावरून "आपल्या रक्तातच नाही" असं ठरवून सायकल माळ्यावर टाकायला काही जण तयारच असतात. त्यांनी २०१७ चा डेव्हिड मॉन्टेरो आणि कार्स्टन लुंडबी यांचा प्रयोग वाचावा. ७८ निरोगी तरुणांना त्यांनी आठवड्याला एकदा ते पाचदा अशा वेगवेगळ्या गटांत, तासातासाचा व्यायाम सहा आठवडे दिला. आठवड्यातून एकदा करणाऱ्यांपैकी दहातल्या सुमारे सात जणांत काही फरक दिसला नाही. चार आणि पाचदा करणाऱ्यांच्या गटांत मात्र असा एकही उरला नाही. ज्यांच्यात फरक पडला नव्हता, त्यांना आणखी सहा आठवडे, आठवड्याला दोन सत्रं वाढवून दिली, तर तेही सगळे सुधारले. कुणाला थोड्यात पुरतं, कुणाला जास्त लागतं. आणि जास्त करायचं तर उंबरठ्याच्या अलीकडे राहूनच जमतं, नाहीतर मंगळवारची धाप गुरुवारपर्यंत पायात उरते.

शरीरात काय चाललंय ते घड्याळाला उशिरा कळतं, हाही घोटाळा आहे. व्यायाम सुरू केल्यावर रक्तातला पातळ भाग पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांतच वाढतो आणि हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढायला काही आठवडे लागतात. जॉन हॉलॉझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना पट्ट्यावर पळवून हे दाखवलं. पळालेल्या उंदरांच्या स्नायूंत ऑक्सिजन वापरणारी यंत्रणा सुमारे दुप्पट झाली होती. स्नायूबंध म्हणजे टेंडन मात्र महिनोन् महिने घेतात. म्हणूनच दम आला आणि अंतर एकदम वाढवलं की टाच धरते किंवा गुडघा बोलू लागतो. शिस्तीने, पण घाईने करणाऱ्या नवशिक्याची घसरगुंडी बहुधा इथेच होते.

पाण्यात तर ताकदीपेक्षा आकाराचा प्रश्न मोठा. आपल्याकडे खेड्यातला माणूस पोहायला शिकतो तो मळ्यातल्या विहिरीत, कमरेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून. कडोली-उचगावकडचा असा पट्टीचा गडी तासभर पाण्यात राहील, पण मान वर काढून. जलतरण तलावात १०० मीटरला तो दमतो आणि बाजूच्या लेनमधली दहा वर्षांची पोरगी सहज पुढे जाते. त्याला वाटतं, आपला दम कमी. खरं तर छातीत हवा असते म्हणून छाती तरंगते, पाय जड असतात. चार-पाच किलोचं डोकं पाण्याबाहेर काढलं की तराजूचं दुसरं पारडं खाली जावं तसे पाय बुडतात. अंग तिरकं होतं आणि पाण्याला भिडणारा त्याचा पसारा वाढतो. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. १० टक्के वेग वाढवायला ३३ टक्के जास्त ताकद हवी. पोहताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला एक दशांशही भाग पुढे सरकायला नीट लागत नाही. त्यामुळे जोर लावून इथे फार हाती लागत नाही. चेहरा पाण्यात, नजर तळाकडे, श्वास बाजूला वळून, एवढं बसवायला दोन महिने दिले तर तेवढ्याच दमात वेळ कमी होतो. नवशिक्याला सगळ्यात स्वस्तात मिळणारी सुधारणा हीच, आणि ती मिळते हळू पोहूनच.

वेगाच्या घनाचं हेच गणित सायकलवरही चालतं आणि ते प्रगती झाकून टाकतं. सपाट रस्त्यावर ताशी २५ वरून ३० ला जायचं तर हवेशी झगडायला लागणारी ताकद सुमारे १.७ पट होते. उलटं बघा. तीन महिन्यांत तुमची ताकद १० टक्क्यांनी वाढली, म्हणजे चांगलीच वाढली, तरी सपाटीवरचा वेग वाढेल जेमतेम तीन टक्क्यांनी. २५ चा २५.८. मोबाइलच्या पडद्यावर हा फरक वाऱ्यातच विरून जातो. राजहंसगडाच्या चढावर मात्र दिसतो, कारण तिथे वेग कमी, हवेचा अडथळा थोडा आणि झगडा गुरुत्वाकर्षणाशी. पळण्यातही दिसतो. म्हणून स्वतःला मोजायचंच असेल तर चढावर मोजावं, किंवा कॅम्पातल्या, म्हणजे बेळगावच्या लष्करी भागातल्या, ठरलेल्या फेरीवर महिन्यातून एकदा, बोलता येईल अशा दमात पळून बघावं.

मोजपट्टी कुणाची, हा प्रश्न उरतोच. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं की ठोस माप हाताशी नसलं की माणूस स्वतःला इतरांशी ताडून बघतो, आणि त्यातही आपल्यासारख्यांशी. अडचण अशी की नवशिक्याच्या आसपास त्याच्यासारखं कुणी नसतं. कॅम्पात पहाटे पळताना मराठा लाइट इन्फंट्रीचे विशीतले जवान शेजारून निघून जातात, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर दहा वर्षं पळणारे काका दिसतात. सगळ्यांच्या वेळा दाखवणाऱ्या स्ट्राव्हा या मोबाइल ॲपवर तर सगळा जिल्हाच पुढे असतो. आकड्यांचा मोहही जबरदस्त आहे. एरिक ॲलन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जवळपास एक कोटी मॅरेथॉन वेळांचा अभ्यास छापला. त्यात चार तासांसारख्या गोल आकड्याच्या किंचित अलीकडे पोहोचणाऱ्यांची चक्क गर्दी आढळली. आकडा माणसाला शेवटच्या दोन किलोमीटरांत ओढून नेतो, ही त्याची चांगली बाजू. पण तो आकडा आपल्या आवाक्यातला हवा.

संथ ट्रायथलीटसाठी असा आकडा तयारच आहे, तो म्हणजे कटऑफ, स्पर्धेतून बाद व्हायच्या आत गाठायची वेळ. गोव्यात मिरामारला २०१९ पासून होऊ लागलेल्या अर्ध्या आयर्नमॅनमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या निम्म्या अंतराच्या स्पर्धेत, १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं असतं. या अंतराच्या आयर्नमॅन स्पर्धांत पोहायला साधारण ७० मिनिटं आणि एकूण साडेआठ तास मिळतात. ७० मिनिटांत १९०० मीटर म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. हा आकडा कुणाच्याही वेगावर अवलंबून नाही. ३ मिनिटं ५० वरून ३ मिनिटं ३० वर आलेल्या माणसाने लेनमधल्या पोरीकडे बघू नये. तो "बाद" मधून "पूर्ण" मध्ये आलाय.

वेगवानांचे आणखी काही सल्ले संथ माणसाला थेट घातक ठरू शकतात, त्यातला एक भरपूर पाणी पिण्याचा. पळण्याची ऊर्जा अंतरावर ठरते, किलोला किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी, मग तुम्ही दोन तासांत पळा की तीन. म्हणून संथ पळणाऱ्याची तासाला तयार होणारी उष्णता आणि बहुधा घामही कमी असतो, मात्र वाटेत पाण्याची टेबलं त्यालाही तेवढीच भेटतात आणि थांबून प्यायला वेळही मिळतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं आढळलं. चार तासांहून जास्त वेळ लागलेले आणि शर्यतीत वजन वाढलेले लोक त्यात जास्त होते. वजन वाढलं, म्हणजे घामाने गेलं त्याहून जास्त पाणी पोटात गेलं. असं सोडियम फारच उतरलं तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तेवढंच प्यायचं, आणि लांबच्या सरावाआधी-नंतर वजन करून आपला हिशेब आपणच काढायचा.

उन्हाचं गणित याच्या उलट. वेगवान माणूस दुपार व्हायच्या आत घरी जातो, संथ माणसाचं पळणं ऐन उन्हात सुरू होतं. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, पहाटे गार. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की हवेत एवढा दमटपणा की घाम वाळतच नाही आणि वाळला नाही तर अंग थंडही होत नाही. स्नायू वापरलेल्या ऊर्जेतला तीन चतुर्थांश किंवा जास्तच भाग उष्णता म्हणून टाकतात, ती जायची कुठे? शरीराला उष्ण हवेची सवय होते, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात. आदल्या दिवशी पणजीत पोहोचून ते साधत नाही. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांतले काही सराव पहाटेऐवजी दुपारी तीनला ठेवावेत, सावकाश, डोक्यावर ओला रुमाल टाकून आणि शक्यतो कुणाला तरी सोबत घेऊन.