१५ वर्षं झाली म्हणून गाडी भंगारात जात नाही

'गाडीला १५ वर्षं झाली की ती रस्त्यावरून बाद' हा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. एमएच १५ची, म्हणजे नाशिकच्याच नंबरची, एक जपलेली कार या भीतीपोटी कवडीमोलानं विकली गेलेली मी पाहिली, म्हणून हे लिहितोय.

वयाचे निर्बंध आले ते दिल्ली परिसरात, तिथल्या प्रदूषणामुळे. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४१ लागू आहे: खासगी कारची नोंदणी आधी १५ वर्षं, मग तपासणीत पास झाली की ५ वर्षांनी वाढते. पुन्हाही वाढू शकते. दरवर्षीचं पासिंग जुन्या रिक्षा-टेम्पोंना असतं, घरच्या कारला नाही.

खात्री करायची तर आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, काढा. मुदतीची तारीख त्यावरच आहे. ती संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

आणि तपासणीला जाण्याआधी टायरजवळ खाली बसा. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे दिसतील. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की खाच जेमतेम १.६ मिलिमीटर उरलेली असते. तो टायर आधी बदला. ब्रेक लाइट बघायला घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा.